एम्युलेशन नेमकं कशाला म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना किंवा परका प्रोग्रॅम आपल्या मशिनवर चालला, की आपण सरसकट म्हणतो, "एम्युलेटरवर चालवला." पुष्कळदा तिथे एम्युलेटर नसतोच. वाइन, डॉसबॉक्स, व्हर्च्युअल मशीन, रोझेटा, जावा या सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं, की मग "हे इतकं हळू का चालतं?" किंवा "प्रोसेसर बदलल्यावर हे बंद का पडलं?" या प्रश्नांची उत्तरं सापडत नाहीत. जुनी सॉफ्टवेअर चालती ठेवण्याच्या कामात मला हेच प्रश्न सतत विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

एम्युलेशन म्हणजे नेमकं काय?

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग इतकं नेमकं वठवायचं, की त्या दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम एक बाइटही न बदलता चालला पाहिजे. ज्याचं सोंग घ्यायचं ते मूळ यंत्र आणि जे सोंग घेतं ते यजमान यंत्र.

एक आज्ञा जवळून पाहू. समजा, मूळ यंत्रात ८-बिट प्रोसेसर आहे आणि प्रोग्रॅममधली आज्ञा म्हणते, "'अ' रजिस्टरमध्ये १ मिळव." रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा. एम्युलेटरच्या लेखी 'अ' रजिस्टर म्हणजे स्वतःच्या मेमरीत ठेवलेला एक साधा आकडा. एम्युलेटर आज्ञेचा बाइट वाचतो, ही कुठली आज्ञा ते ओळखतो आणि त्या आकड्यात १ मिळवतो. काम एवढ्यावर भागत नाही. आकडा आधीच २५५ असेल, तर ८ बिटांत २५६ मावत नाही. मूळ चिपवर तिथे ० येतो, हातचा दाखवणारा बिट वर होतो आणि "उत्तर शून्य आहे" असं सांगणारा बिटही वर होतो. हे सगळं एम्युलेटरला हाताने मांडावं लागतं. मग पुढच्या आज्ञेचा पत्ता सरकवायचा, मूळ चिपला या कामाला तिच्या घड्याळाचे किती ठोके लागले असते ते मोजायचं आणि चित्राची चिप, आवाजाची चिप, टायमर यांना "एवढा वेळ गेला" असं कळवायचं. यानंतर पुढची आज्ञा.

यात महत्त्वाची गोष्ट ही, की प्रोग्रॅममधली आज्ञा खऱ्या प्रोसेसरपर्यंत कधी पोचतच नाही. मधला एम्युलेटर ती वाचतो आणि तिचा परिणाम स्वतः घडवून आणतो.

माझी कसोटी दोन अटींची आहे. पहिली, नमुना म्हणून एखादं खरं यंत्र असलं पाहिजे, मग तो प्रोसेसर असो, साउंड कार्ड असो की टर्मिनल. दुसरी, त्या यंत्राचं प्रोग्रॅमला दिसणारं वागणं दुसऱ्याच कशाने तरी उभं केलेलं असलं पाहिजे. हार्डवेअरने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळला, तर ते एम्युलेशन. ऑपरेटिंग सिस्टीमने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळला, तर ते वेगळं काम आहे आणि त्याला कॉम्पॅटिबिलिटी लेयर हे नाव रूढ आहे.

हा शब्द आला कुठून?

आयबीएममधून. १९६३ च्या सुमारास, सिस्टीम/३६० या नव्या संगणकांची तयारी चालू असताना, तिथल्या अभियंत्यांनी तो वापरात आणला. या मालिकेची घोषणा ७ एप्रिल १९६४ ला झाली. अडचण अशी होती, की ३६० ची यंत्रभाषा आधीच्या १४०१ किंवा ७०९० पेक्षा पूर्ण वेगळी होती आणि ग्राहकांचे सगळे हिशेब जुन्या यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये अडकलेले होते. निव्वळ सॉफ्टवेअरने जुन्या यंत्राची नक्कल केली, तर ती फार रखडायची. तेव्हा जुन्या आज्ञा ओळखणारा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलाच प्रोग्रॅम, थेट नव्या यंत्रातच बसवण्यात आला. मॉडेल ३० वर १४०१ चे प्रोग्रॅम चालायचे ते याच सोयीमुळे. मॉडेल ६५ वर ७०९० च्या घराण्यातल्या यंत्रांसाठी अशीच सोय होती.

म्हणजे गंमत बघा, शब्द जन्मला तेव्हा "एम्युलेशन" म्हणजे हार्डवेअरच्या मदतीने केलेली नक्कल, आणि नुसत्या सॉफ्टवेअरने केली तर ते "सिम्युलेशन". त्या अर्थाने आजचे बहुतेक एम्युलेटर सिम्युलेटर ठरतील. "शब्दाचा खरा अर्थ अमुकच" असं ठासून सांगणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा. शब्दाचा अर्थ सरकला आहे, आणि मी इथे आजचाच अर्थ धरतो आहे.

मग आज सिम्युलेटर आणि एम्युलेटर यांत फरक काय?

एम्युलेटर मूळ यंत्राच्या जागी उभा राहतो. सिम्युलेटर त्याच्या वागण्याचा एक नमुना देतो आणि तो नमुना हव्या तेवढ्याच बाबतींत खरा असतो.

मोबाइल ॲप बनवणाऱ्यांच्या रोजच्या वापरात दोन्ही आहेत. अँड्रॉइडचा एम्युलेटर क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोग्रॅमवर बेतलेला आहे. तो आख्खा फोन उभा करतो, आत खरं अँड्रॉइड बूट होतं आणि फोनवर चढवायची तीच सिस्टीम त्यात चालते. ॲपलचा आयफोनसाठीचा सिम्युलेटर तसं काही करत नाही. तुमचं ॲप मॅकच्याच प्रोसेसरसाठी कंपाइल होतं आणि मॅकवरच्या, आयफोनसारख्या लायब्ररींना जोडून चालतं. फोनची चिप तिथे कुणी उभी केलेली नसते. म्हणूनच सिम्युलेटरवर भरधाव चाललेलं ॲप खऱ्या फोनवर अडखळू शकतं. दोन्ही नावं अचूक निवडलेली आहेत.

वाइन एम्युलेटर आहे का?

सगळ्यात जास्त वाद होतो तो याच प्रश्नावर.

वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी. १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. सुरुवातीच्या काळात नावाची फोड "विंडोज एम्युलेटर" अशीही व्हायची. पुढे "वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर" हीच फोड पक्की झाली. नावातच नकार आहे, म्हणून लोकांना वाटतं की हा नुसता शब्दांचा खेळ आहे. तो खेळ नाही, कारण आत जे घडतं ते खरोखर वेगळं आहे.

एक्स८६, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या पीसीतल्या, प्रोसेसरच्या लिनक्स मशिनवर तुम्ही विंडोजचा एखादा प्रोग्रॅम वाइनमधून उघडलात, की वाइन ती फाइल मेमरीत मांडतो, तिला लागणाऱ्या लायब्ररी जोडतो आणि प्रोसेसरला सांगतो, "इथून सुरू कर." त्यानंतर प्रोग्रॅमची प्रत्येक बेरीज, प्रत्येक तुलना, प्रत्येक उडी खरा प्रोसेसर स्वतः करतो. मध्ये कुणी नाही. वाइनचा संबंध येतो तो प्रोग्रॅमने विंडोजकडे काही मागितलं तरच.

समजा, प्रोग्रॅमला सी ड्राइव्हवरची एक फाइल उघडायची आहे. तो विंडोजचं "क्रिएटफाइल" हे फंक्शन बोलावतो. विंडोजवर हे बोलावणं आतल्या "एनटीक्रिएटफाइल"मधून कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत, जातं. वाइनमध्येही ही दोन्ही फंक्शनं आहेत, त्याच नावांची, पण वाइनच्या मंडळींनी नव्याने लिहिलेली. ती "सी ड्राइव्ह" म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधली एक डिरेक्टरी असं समजून पत्ता बदलतात. मग एक किचकट काम येतं. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर पाहत नाही, लिनक्स पाहतो. प्रोग्रॅमने सगळी मोठी अक्षरं वापरून नाव दिलं आणि डिस्कवर लहान अक्षरांत असेल, तर वाइनला डिरेक्टरी चाळून जुळणारं नाव शोधावं लागतं. शेवटी लिनक्सलाच सांगितलं जातं, "ही फाइल उघड." अनेक प्रोग्रॅममध्ये सामायिक असणाऱ्या गोष्टी, म्हणजे कुलुपं, हँडल, खिडक्यांचे संदेश, यांचा हिशेब वाइनसर्व्हर नावाची वेगळी प्रक्रिया ठेवते.

यात कुठल्याही यंत्राचं सोंग नाही. विंडोजने प्रोग्रॅमांना जो शब्द दिला होता तो दुसऱ्याने पाळला आहे. म्हणून माझं उत्तर स्वच्छ आहे: एक्स८६ मशिनवरचा वाइन एम्युलेटर नाही.

पण वाइन विंडोजच्या वागण्याची नक्कल करतोच ना? मग ते "विंडोजचं एम्युलेशन" का म्हणू नये?

बोलीभाषेत म्हणा, कुणी अडवणार नाही. पण हा अर्थ स्वीकारला, तर तो कुठे थांबवायचा ते पाहा. विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तेव्हा तिच्या कर्नलची स्वतःची वेगळी भाषा होती आणि विन३२ (म्हणजे विंडोज प्रोग्रॅमांना दिसणारी विंडोज), ओएस/२, पॉझिक्स ही तिन्ही रूपं त्या कर्नलवर बांधलेल्या सबसिस्टीम होत्या. "खालच्या थरावर वरच्या थराचं वागणं उभं केलं" एवढ्याने एम्युलेशन होत असेल, तर खुद्द विंडोजसुद्धा विंडोजचा एम्युलेटर ठरेल. प्रत्येक लायब्ररीची प्रत्येक नवी आवृत्ती एम्युलेशन होईल. ज्या शब्दात सगळंच मावतं, तो शब्द कामाचा राहत नाही.

वाइन एआरएम प्रोसेसरवर चालवला तर?

तिथे चित्र पालटतं. एआरएमला, म्हणजे फोनमध्ये आणि नव्या मॅकमध्ये असणाऱ्या प्रोसेसरांच्या जातीला, एक्स८६ ची यंत्रभाषा कळत नाही, तेव्हा एक्स८६ साठी कंपाइल केलेला विंडोजचा प्रोग्रॅम चालवायला वाइनच्या जोडीला खरा एम्युलेटर लागतो. हँगओव्हर हा प्रकल्प नेमकी हीच जोडी जमवतो. लिनक्सवर बॉक्स६४ आणि फेक्स हेही हेच काम करतात.

बॉक्स६४ मला विशेष आवडतो, कारण त्यात सीमारेषा एकाच प्रक्रियेच्या पोटातून जाते. प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड एक्स८६ चा, म्हणून त्याचं एम्युलेशन होतं. पण प्रोग्रॅमने चित्र काढणाऱ्या ओळखीच्या लायब्ररीला हाक मारली, की बॉक्स६४ ती हाक मशिनच्या मूळच्या एआरएम लायब्ररीकडे वळवतो. तेवढा भाग पूर्ण वेगाने पळतो. "हे एम्युलेशन आहे का?" याचं उत्तर इथे प्रत्येक फंक्शनमागे बदलतं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एम्युलेटरच ना?

नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं यंत्र, ज्यात वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये व्हर्च्युअल मशीनच्या अटी मांडल्या. त्यातली एक अट या प्रश्नाचा निकाल लावते: निरुपद्रवी आज्ञा मध्ये कुणी न पडता थेट हार्डवेअरवर चालल्या पाहिजेत. फक्त नाजूक आज्ञा, म्हणजे यंत्राचा ताबा बदलू शकणाऱ्या, तेवढ्या अडवून हाताळायच्या. म्हणून व्हर्च्युअल मशिनला स्वतःसारखाच प्रोसेसर लागतो.

एक्स८६ प्रोसेसर बरीच वर्षं या अटींत बसत नव्हता, कारण काही नाजूक आज्ञा अडवताच यायच्या नाहीत. १९९९ मधल्या व्हीएमवेअरने तोडगा काढला. साधा कोड थेट चालवायचा आणि आतल्या कर्नलचा कोड चालता चालता भाषांतरित करायचा, एक्स८६ मधून एक्स८६ मध्येच. याला काय म्हणायचं? मी व्हर्च्युअलायझेशनच म्हणेन, कारण बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर जशाच्या तशा जात होत्या. पण इथे रेषा पुसट होते हे मान्य करायला हवं. पुढे प्रोसेसरमध्येच सोय आली आणि ही कसरत संपली.

क्यूईएमयू हा एकच प्रोग्रॅम दोन्ही कामं करतो. २००३ मध्ये तो फाब्रिस बेलार्ड यांनी आणला. एक्स८६ वर एआरएम चालवायचा असेल, तर क्यूईएमयू आज्ञांचं भाषांतर करतो, म्हणजे एम्युलेटर असतो. लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून असलेल्या केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीला जोडून एक्स८६ वर एक्स८६ चालवला, तर प्रोसेसरचं एम्युलेशन थांबतं. प्रोग्रॅमचं नाव वाचून "एम्युलेटर आहे की नाही" हे ठरवता येत नाही, ते असं.

व्हर्च्युअल मशीनमधलं नेटवर्क कार्ड?

ते बहुतेक वेळा एम्युलेटेडच असतं. इंटेलच्या ई१००० घराण्यातलं कार्ड आत दिसतं आणि आतली सिस्टीम त्याच्यासाठी लिहिलेला जुना ड्रायव्हर निमूटपणे चढवते. कार्डाची रजिस्टरं, इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे), सगळं सॉफ्टवेअरने उभं केलेलं. माझ्या दोन्ही अटी पुऱ्या होतात.

व्हर्टआयओ या प्रकारचं कार्ड मात्र वेगळं. ते मुळातच व्हर्च्युअल मशीनसाठी आखलेलं आहे. आखणी करताना कुठल्याही कारखान्यातलं कार्ड नमुना म्हणून समोर नव्हतं. ज्याला मूळ नाही त्याचं सोंग कसं घेणार? त्याला मी एम्युलेशन म्हणत नाही.

रोझेटा "भाषांतर" करते, एम्युलेशन नाही, असं वाचलं. बरोबर आहे?

रोझेटा म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठीचे मॅकचे प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरच्या मॅकवर चालवणारी ॲपलची सोय. ॲपल तिला भाषांतर म्हणते, आणि पद्धतीचं वर्णन म्हणून ते बरोबर आहे. पण भाषांतर ही एम्युलेशन करण्याचीच एक रीत आहे, दुसरा प्रकार नव्हे.

एम्युलेटरपुढे तीन वाटा असतात. एकेक आज्ञा वाचून लगेच करायची, ही पहिली. आज्ञांचा आख्खा गठ्ठा चालता चालता यजमानाच्या यंत्रभाषेत उतरवून तो जपून ठेवायचा, ही दुसरी. प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच सगळा उतरवून घ्यायचा, ही तिसरी. पहिली रीत तोंडी दुभाष्यासारखी, तिसरी छापील अनुवादासारखी. तिन्हींत मूळ प्रोसेसर गैरहजर असतो आणि त्याचं वागणं दुसऱ्याने उभं केलेलं असतं.

पहिली रोझेटा २००६ मध्ये इंटेलच्या मॅकबरोबर आली, पॉवरपीसी या आधीच्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवायला. २०११ च्या लायन आवृत्तीत ती काढली गेली. रोझेटा २ ही २०२० मध्ये ॲपलच्या एआरएम जातीच्या एम१ चिपबरोबर आली, इंटेलच्या मॅकचे एक्स८६ प्रोग्रॅम चालवायला. ती शक्य तेवढं भाषांतर आधीच करून ठेवते, आणि जे प्रोग्रॅम चालताना स्वतःच नवा कोड तयार करतात, त्यांच्यासाठी तिथल्या तिथे करते.

रोझेटा २ मधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाहून जास्त कोर असताना एका कोरने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला कुठल्या क्रमाने दिसेल, याबद्दल एक्स८६ कडक शिस्त पाळतो. एआरएम त्या मानाने सैल आहे. ही शिस्त सॉफ्टवेअरने पाळायची, तर पदोपदी थांबून खात्री करावी लागते आणि वेग मातीमोल होतो. ॲपलने आपल्या चिपमध्येच एक्स८६ च्या शिस्तीने वागण्याची सोय ठेवली. म्हणजे १९६४ मध्ये आयबीएमने जे केलं, तेच पुन्हा: परक्या यंत्राचं सोंग वठवायला खऱ्या हार्डवेअरची मदत. शब्दाच्या जुन्या अर्थानेसुद्धा रोझेटा २ एम्युलेशनच्या जवळ जाते.

जावाचं व्हर्च्युअल मशीन एम्युलेटर आहे का?

नाही. जावाचं यंत्र कागदावरच आखलेलं होतं. बाइटकोड, म्हणजे जावाच्या त्या यंत्राच्या आज्ञा, चालवणारी रीत एम्युलेटरसारखीच दिसते, पण आधी कुठलं यंत्र बाजारात होतं आणि जावा त्याची जागा घेते, असं नाही.

इथे हटकून चिप-८ चं नाव निघतं. एम्युलेटर लिहायला शिकणारे पहिला हात त्यावरच मारतात: ४ किलोबाइट मेमरी, १६ रजिस्टरं, ६४ गुणिले ३२ ठिपक्यांचा पडदा. पण चिप-८ नावाची चिप कधीच नव्हती. १९७० च्या दशकात आरसीएच्या कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या संगणकावर गेम लिहिणं सोपं व्हावं, म्हणून जोसेफ वाइसबेकर यांनी केलेली ती भाषा, आणि तिच्या आज्ञा एकेक वाचून चालवणारा इंटरप्रिटर. आज "चिप-८ एम्युलेटर" म्हणून जे लिहिलं जातं, ते काटेकोरपणे पाहिलं तर इंटरप्रिटरच आहे. शिकायला मात्र उत्तम. पहिला एम्युलेटर म्हणून मी तोच सुचवतो.

६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात, ते एम्युलेशन आहे का?

तुमचा प्रोसेसर कुठला, त्यावर अवलंबून आहे. ६४-बिट एक्स८६ ला ३२-बिट आज्ञा उपजतच कळतात. तिथे वाउ६४ हा भाग फक्त प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या मधलं बोलणं जुळवतो: ४ बाइटांचे पत्ते ८ बाइटांचे करतो, सिस्टीमचं फोल्डर बदलून दाखवतो. हा कॉम्पॅटिबिलिटी लेयर झाला. तेच वाउ६४ हे नाव एआरएमवरच्या विंडोजमध्येही आहे आणि तिथे एक्स८६ प्रोग्रॅमसाठी त्याच्याखाली खरा एम्युलेटर असतो.

१६-बिट प्रोग्रॅमांचं दुखणं निराळं. इंटेलने १९८५ च्या ८०३८६ मध्ये "व्हर्च्युअल ८०८६" नावाची सोय दिली होती आणि ३२-बिट विंडोज तिच्या आधारे डॉस या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रोग्रॅम चालवायची. प्रोसेसर ६४-बिट रीतीने चालू असताना ही सोय मिळत नाही, आणि ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रॅमांचा आधार काढूनच टाकला.

माझ्याकडे एक जुनी सीडी होती. तिच्यातला प्रोग्रॅम ३२-बिट, पण इन्स्टॉलर १६-बिट. ६४-बिट विंडोजवर प्रोग्रॅम चालला असता, पण सीडीतून बाहेरच येईना. म्हणून ती मी ६४-बिट लिनक्सवर वाइनमध्ये लावली. तिथे इन्स्टॉलर पहिल्याच फटक्यात चालला. याचं कारण असं, की ६४-बिट रीतीने चालू असलेल्या प्रोसेसरला डॉसच्या पद्धतीचा १६-बिट कोड चालत नसला, तरी विंडोज ३.१ च्या पद्धतीचा, म्हणजे प्रोटेक्टेड मोडमधला १६-बिट कोड आजही थेट कळतो. मला कितीतरी जणांनी सांगितलं, की "लिनक्सवर एम्युलेटर होता म्हणून चाललं." तिथे एम्युलेटर नव्हता. प्रोसेसरने तो कोड स्वतः चालवला. वाइनने फक्त लागणारे शब्द पाळले.

डॉसबॉक्स तरी पक्का एम्युलेटर आहे ना?

हो, पण त्याच्या पोटातही दोन्ही प्रकार आहेत. २००२ पासूनचा हा प्रोग्रॅम एक्स८६ प्रोसेसर, व्हीजीए कार्ड, साउंड ब्लास्टर, टायमर, सगळं सॉफ्टवेअरने उभं करतो. मशीन स्वतः एक्स८६ चं असलं तरी. म्हणूनच तो एआरएमवर आणि इतर प्रोसेसरवरही चालतो. "सायकल्स" नावाचा आकडा कमी-जास्त करून गेम हवा तेवढा हळू करता येतो, कारण वेळेचा हिशेब त्याच्या हातात आहे. वाइनमध्ये असा आकडा का नाही, याचं उत्तरही इथेच आहे: वाइन प्रोसेसर चालवतच नाही, तर तो हळू कसा करणार?

पण डॉसबॉक्सच्या आतलं डॉस मूळचं डॉस नसतं. गेमने फाइल वाचायला डॉसचा इंटरप्ट दिला, की उत्तर देतो तो डॉसबॉक्समध्ये नव्याने लिहिलेला कोड. म्हणजे मशिनचं एम्युलेशन आणि डॉसची नवी अंमलबजावणी, दोन्ही एकाच डब्यात. हवं तर डिस्कच्या प्रतिमेवरून खरं डॉसही त्यात बूट करता येतं. तेव्हा तो दुसरा भाग बाजूला होतो आणि निव्वळ एम्युलेटर उरतो.

एम्युलेटरने मूळ यंत्राच्या चुकाही कराव्यात का?

कराव्याच लागतात. ६५०२ या प्रोसेसरचं उदाहरण घ्या. त्यात एक उडीची आज्ञा आहे: "मेमरीत अमुक ठिकाणी दोन बाइटांत पत्ता लिहिला आहे, तिथे जा." मेमरीची पानं २५६ बाइटांची. समजा, तो पत्ता ४३५१ पासून लिहिला आहे. ४३५१ हा त्या पानाचा शेवटचा बाइट. दुसरा बाइट ४३५२ वरून, म्हणजे पुढच्या पानावरून घ्यायला हवा. मूळ ६५०२ मात्र पान उलटत नाही. तो त्याच पानाच्या सुरुवातीला, ४०९६ वर जातो आणि तिथला बाइट उचलतो. नंतरच्या ६५सी०२ मध्ये ही चूक दुरुस्त झाली.

६५०२ चा एम्युलेटर लिहिणाऱ्याने ही चूक "सुधारली", तर त्याचा एम्युलेटर चुकीचा. त्या काळच्या प्रोग्रॅमरने नकळत किंवा मुद्दाम तिच्यावर भिस्त ठेवली असू शकते. प्रमाण मानायचं ते खऱ्या चिपला, माहितीपुस्तिकेला नव्हे.

वाइनवाल्यांनाही विंडोजच्या विचित्र सवयी जपाव्या लागतात, त्यामुळे "चुका जपणं" हे काही फक्त एम्युलेशनचं लक्षण नव्हे.

विंडोजमधला "कॉम्पॅटिबिलिटी मोड"?

ते एम्युलेशन नाही. प्रोग्रॅमने "विंडोजची आवृत्ती कुठली?" असं विचारलं की जुना आकडा सांगायचा, काही फंक्शनांचं जुनं वागणं परत द्यायचं, एवढंच ते असतं.

टर्मिनल एम्युलेटर हे नाव बरोबर आहे का?

अगदी बरोबर. डेक या संगणक कंपनीने १९७८ मध्ये व्हीटी१०० नावाचं खरं टर्मिनल आणलं, पडदा आणि कीबोर्डसकट. त्याला एस्केपचा बाइट, चौकटी कंस, २ आणि मोठा जे एवढं पाठवलं की पडदा पुसला जायचा. आज तुमच्या खिडकीतला टर्मिनल तेच चार बाइट मिळाल्यावर तेच करतो. मूळ यंत्र आहे, त्याचं वागणं दुसऱ्याने उभं केलं आहे. इथे प्रोसेसरचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच "आज्ञा कोण चालवतं?" एवढी एकच कसोटी मी पुरेशी मानत नाही.

प्रोसेसरचा एखादाच भाग एम्युलेट केला तर?

तेही एम्युलेशनच, तेवढ्या भागापुरतं. ४८६एसएक्समध्ये अपूर्णांकांची गणितं करणारा भाग नव्हता. अशी आज्ञा आली की प्रोसेसर अडायचा आणि ७ क्रमांकाचा इंटरप्ट द्यायचा. लिनक्सचा कर्नल तो पकडून गणित सॉफ्टवेअरने करायचा आणि प्रोग्रॅमला पुढे सोडायचा. प्रोग्रॅमला कळायचंही नाही. फक्त वेळ लागायचा.

एफपीजीएवर केलेली जुनी यंत्रं एम्युलेशन नव्हेत, "खरं हार्डवेअर" आहेत, असं म्हणतात.

मला हे पटत नाही. एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपमध्ये, मूळ चिपचं वागणं सर्किटच्या रूपात मांडता येतं, अनेक भाग एकाच वेळी चालतात आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर कमी ठेवता येतो. हे फायदे खरे आहेत. पण ते सर्किटही कुणीतरी मूळ चिपचं निरीक्षण करून लिहिलेलं असतं आणि निरीक्षणात जे सुटलं ते सर्किटमध्येही सुटतं. नेमकेपणा लिहिणाऱ्याच्या अभ्यासातून येतो.

एम्युलेटर नेहमीच हळू असतो का?

मूळ यंत्राच्या तुलनेत असेलच असं नाही. यजमान पुरेसा वेगवान असेल तर मूळ वेग गाठून वर शिल्लक राहते. पण यजमानाच्या स्वतःच्या वेगाच्या तुलनेत किंमत मोजावीच लागते, आणि ती नेमकेपणाबरोबर वाढते. चित्राच्या चिपचा प्रत्येक ठोका प्रोसेसरच्या ठोक्याशी जुळवायचा असेल, तर खर्च कितीतरी पट होतो. कॉम्पॅटिबिलिटी लेयरला ही किंमत नाही. वाइनमधला प्रोग्रॅम कधी विंडोजइतकाच पळतो, आणि रखडला तर ज्या फंक्शनची अंमलबजावणी कच्ची आहे तिथेच रखडतो.

हे कायदेशीर आहे का?

अमेरिकेतले दोन निकाल नेहमी सांगितले जातात आणि ते या लेखातल्या दोन प्रकारांशी जुळतात. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवलं, की प्लेस्टेशनचा एम्युलेटर लिहिण्यासाठी अभ्यास म्हणून बायोसच्या, म्हणजे यंत्रात आधीच भरलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरच्या, प्रती काढणं हा न्याय्य वापर आहे. गूगल विरुद्ध ओरॅकलमध्ये २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने जावाच्या एपीआयची, म्हणजे प्रोग्रॅमांनी हाक मारायच्या फंक्शनांची, घोषणा करणाऱ्या ओळी नव्या अंमलबजावणीसाठी वापरणं हा न्याय्य वापर मानला. एम्युलेटर लिहिणं आणि दुसऱ्याच्या गेमची किंवा बायोसची प्रत वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला पहिलीचं संरक्षण मिळत नाही.

माझ्या मशिनवर काय चालू आहे ते कसं ओळखू?

आधी पाहा, प्रोग्रॅमची फाइल कुठल्या प्रोसेसरसाठी आहे आणि मशिनचा प्रोसेसर कुठला. दोन्ही जुळत नसतील तर कुठेतरी एम्युलेटर आहेच. ॲपल चिपच्या मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये प्रकाराचा रकाना असतो. "इंटेल" दिसलं की तो प्रोग्रॅम रोझेटावर आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आर्किटेक्चरचा रकाना लावून घेता येतो. लिनक्सवर "फाइल" ही कमांड फाइलचा प्रोसेसर सांगते.

प्रोसेसर जुळत असतील तरी उपकरणांचं एम्युलेशन चालू असू शकतं, व्हर्च्युअल मशिनमधल्या त्या नेटवर्क कार्डासारखं. बिघाड कळवताना मी नेहमी तिन्ही गोष्टी लिहितो: प्रोसेसर खरा की एम्युलेटेड, उपकरणं खरी की एम्युलेटेड, ऑपरेटिंग सिस्टीम मूळ की तिची नवी अंमलबजावणी. नुसतं "एम्युलेटरवर चालत नाही" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला शोध शून्यापासून सुरू करावा लागतो.

एम्युलेटरच्या आत एम्युलेटर चालतो का?

चालतो, आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. ॲपलने १९९४ मध्ये ६८के प्रोसेसर सोडून पॉवरपीसी घेतला, तेव्हा मॅकमध्येच ६८के चा एम्युलेटर दिला. ऑपरेटिंग सिस्टीमचाही मोठा भाग सुरुवातीला त्याच एम्युलेटरवर चालायचा. मॅक ओएस ९ मध्येही तो एम्युलेटर आहे. आज तुम्ही मॅक ओएस ९ क्यूईएमयूमध्ये चालवून त्यात ६८के चा एखादा जुना प्रोग्रॅम उघडलात, तर ॲपलचा एम्युलेटर ६८के ची आज्ञा पॉवरपीसीत आणतो आणि क्यूईएमयू ती पॉवरपीसी आज्ञा एक्स८६ मध्ये उतरवतो. तो क्यूईएमयू इंटेलसाठी कंपाइल केलेला असेल आणि मशीन एम१ चा मॅक असेल, तर खाली रोझेटा २ उभी असते आणि ६८के ची ती आज्ञा तिसऱ्यांदा भाषा बदलून मगच सिलिकॉनपर्यंत पोचते.